झोपेची वही : यंत्रमागाच्या गल्लीतल्या प्रकल्प नोंदी

२ जून

विषय आज फायनल झाला. एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाचं, फिल्डवर्क, जागा इचलकरंजीतली यंत्रमागाची एक गल्ली, आणि विषय म्हणजे रातपाळी करणाऱ्यांची झोप आणि त्यांचं हृदय. मॅडमनी आधी दोनदा विचारलं, तंबाखूवर का करत नाही, मिठावर का करत नाही, झोपच का म्हणून. मी म्हटलं मॅडम, तंबाखूचं सगळे सांगतात, मिठाचं आशाताई पण सांगतात, पण बीपीच्या पेशंटला तुम्ही झोपता किती असं विचारणारं इथं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

आणि हा विषय उगाच काढलेला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनची हृदयाच्या तब्येतीची यादी आधी सात गोष्टींची होती: आहार, व्यायाम, तंबाखू, वजन, कोलेस्टेरॉल, साखर, बीपी. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी त्यात आठवी घातली ती झोप. आणि नुसती नावाला नाही तर मार्क ठरवून दिले. ७ ते ९ तास झोपणाऱ्याला १०० पैकी १००, ६ ते ७ वाल्याला ७०, ५ ते ६ वाल्याला ४०, ४ ते ५ ला २०, आणि चारच्या खाली शून्य. हा तक्ता मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलाय. आमच्या गल्लीतले बरेचजण रातपाळीच्या आठवड्यात कुठल्या ओळीत बसतील याचा अंदाज मला आत्ताच आहे आणि तो चांगला नाही.

४ जून

दिवसभर लायब्ररी. जे वाचलं ते माझ्या शब्दांत लिहून ठेवते, नंतर गल्लीत सांगायला हेच लागणार आहे.

सगळ्यात जास्त ज्याचा दाखला दिला जातो तो २०११ चा अभ्यास, युरोपियन हार्ट जर्नलमधला. त्यात आधीच्या १५ अभ्यासांचा डेटा एकत्र केला, माणसं ४,७४,६८४, आणि त्यांच्यावर ७ पासून २५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलेलं. कमी झोपणाऱ्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचा किंवा त्यानं मरण्याचा धोका ४८ टक्के जास्त, पक्षाघाताचा १५ टक्के जास्त. पण गंमत पुढे आहे. जास्त झोपणाऱ्यांनाही धोका जास्तच, हृदयाचा ३८ टक्के आणि पक्षाघाताचा तर ६५ टक्के. म्हणजे आलेख काढला तर मधे खोलगट आणि दोन्हीकडे चढ.

आता हे दुसरं टोक लोकांना कसं सांगायचं? कारण कोणीतरी विचारणारच की सुट्टीच्या दिवशी मी दहा तास झोपतो मग मला अटॅक येणार का. बऱ्याच तज्ज्ञांचं म्हणणं असं की रोज नऊ दहा तास झोप लागणं हे बरेचदा आतल्या कुठल्यातरी आजाराचं, डिप्रेशनचं, नाहीतर रात्रीची झोप धड न लागण्याचं लक्षण असतं, झोपच आजार करते असं नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे आरोग्याची आणि जनुकांची माहिती साठवून ठेवलेल्या, ४,६१,३४७ लोकांवर काम झालं त्यात हे जरा सुटं करून बघितलंय. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत पहिला हार्ट अटॅक २० टक्के जास्त, नऊपेक्षा जास्त झोपणाऱ्यांत ३४ टक्के जास्त. पण मग त्यांनी जनुकांवरून तपासलं, म्हणजे ज्यांची प्रकृतीच जन्मजात कमी झोपेची आहे त्यांना धोका जास्त दिसतो का ते बघितलं, आणि तिथं कमी झोपेचा संबंध टिकला. जास्त झोपेचा तसा टिकला नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण नुसतं दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नसतं, गरिबी, ताण, तंबाखू हे सगळं कमी झोपेच्या हातात हात घालून येतं आणि आपल्या गल्लीत तर येतंच येतं.

शिवाय शिकागोचा १९९९ चा प्रयोग आहे. ११ तरुण, धडधाकट पोरं, सहा रात्री फक्त चार चार तास अंथरुणात. एवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद इतकी उतरली की डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी दिसायला लागली. आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं तसंच काढतात.

७ जून

गल्लीतल्या लोकांना झोप नोंदवायला जी वही द्यायची ती कशी असावी यावर मॅडमशी लांबलचक बोलणं झालं. झोप मोजायची जी जगभर वापरतात ती पिट्सबर्गची प्रश्नावली, १९८९ सालची, तिच्यात २१ पैकी मार्क आणि ५ च्या वर गेलं की झोप खराब. चांगलीच आहे ती. पण त्यात गेल्या महिन्यात साधारण रात्री किती वाजता झोपलात असं विचारतात, आणि आमच्या माणसाचा एक आठवडा दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा, त्याला साधारण असं काही उत्तरच नाही. गल्लीतल्या कारखान्यांत दोनच पाळ्या, बारा बारा तासांच्या, आठवड्याला पाळी फिरते. म्हणून मॅडम म्हणाल्या साधी वही करा, चौकटींची. एका ओळीत २४ तास, एका चौकटीत एक तास, झोपलात तेवढ्या चौकटी पेन्सिलीनं काळ्या करा. तुकड्यातुकड्यात झोपलात तर तुकड्यातुकड्यात काळ्या करा. शेजारी दोन खुणा, एक चहाची आणि एक तंबाखूची. बास.

मला हे फार आवडलं, कारण किती तास झोपता विचारलं की प्रत्येकजण ‘सहा-सात’ म्हणतो आणि विषय संपतो. चौकटी काळ्या करायला बसलं की माणूस स्वतःच थांबतो, मोजतो, आणि म्हणतो अरे.

वही मराठी, हिंदी, कन्नड तिन्हीत लागणार, कारण गल्लीत युपी-बिहारची पोरं आहेत आणि सीमाभागातली पण. त्यांच्या खोल्यांत एक वेगळीच गोष्ट बघितली. गादी एक आणि पाळ्या दोन. एकजण उठून कामाला जातो आणि त्याच गादीवर दुसरा येऊन पडतो. म्हणजे झोपेची वेळ तुमची तुम्हाला ठरवताच येत नाही, गादी मोकळी होईल तेव्हा झोपायचं.

१० जून

आज काम कमी. पण तारखेवरून एक आठवलं ते लिहिते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षं लावून धरली तेव्हा. आठवड्याचे सातही दिवस माणूस मशीनजवळ उभा होता आणि त्याला एक दिवस पाठ टेकू द्या एवढं मान्य करून घ्यायला इतकी वर्षं लागली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तो त्यानंतर, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी आणलेला.

हे प्रकल्पात कुठे बसेल माहीत नाही पण मला बसवायचंय. झोपेबद्दल बोलायला लागलं की सगळे शिस्तीवर येतात, लवकर निजे लवकर उठे वगैरे. ज्याची पाळीच रात्री आठला सुरू होते त्यानं लवकर निजायचं म्हणजे नक्की कधी? विश्रांतीचे तास माणसाला कोणीतरी राखून द्यावे लागतात, मालकानं, घरच्यांनी, शेजाऱ्यांनी. एकट्याच्या मनोनिग्रहावर ते होत नाही. माझ्या प्रकल्पाचं म्हणणं हेच आहे असं मला आता स्पष्ट दिसायला लागलंय.

१२ जून

पाळी सुटायच्या वेळी चहाच्या गाड्याशेजारी बाकडं टाकून बीपी बघायला सुरुवात केली. बीपी नीट बघणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, अर्धा तास आधीपासून चहा नाही, तंबाखू नाही. आणि समोर काय, तर बारा तास उभा राहून आलेला माणूस, कानात अजून मागांचा आवाज, दाढेखाली तंबाखू, हातात चहाचा ग्लास, आणि म्हणतोय उभ्या उभ्याच बघ की गं पोरी, काय हुतंय त्याला.

मग आम्ही क्रमच बदलला. आधी चूळ भरा, मग बाकड्यावर बसा, तोवर वहीच्या चौकटी काळ्या करा. त्यात वेळ जातो आणि माणूस शांत होतो. मग पट्टा. दोनदा बघायचं, मधे मिनिटभर थांबून, आणि दोन्हीची सरासरी लिहायची. १४०/९० च्या वर आलं की दुसऱ्या दिवशी परत, आणि तेव्हाही वर असेल तर चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात. तिथं बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात हेच अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं.

एक जॉबर मामा आहेत, माग बिघडला की दुरुस्त करणारे, पन्नाशीच्या आसपासचे. त्यांचं १५२/९६ आलं. त्यांना वाटलं मशीन खराब आहे. मशीन असं उलटंपालटं करून बघितलं, सेल काढून परत घातले, जॉबरच ते, आणि परत हात पुढे केला. १५०/९६. मग जरा वेळ काही बोललेच नाहीत.

त्यांच्या वहीत सकाळी नऊ ते बारा काळं, दुपारी तीन ते चार काळं, बाकी सगळं पांढरं.

१५ जून

जॉबर मामांच्या घरी गेले, मुद्दाम दुपारी, ते झोपलेले असताना. वहिनींनी दारातच तोंडावर बोट ठेवलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आतल्या खोलीत मामा. खिडकीला जुन्या साडीचा दुहेरी पडदा, त्यावरून चादर, तरी पत्रा आणि भिंत यांच्या फटीतून उन्हाची पट्टी थेट उशीवर. फॅन गरम हवाच फिरवतोय. आणि भिंतीपलीकडे माग चालू. त्यांच्या कारखान्यातले नव्हेत, शेजारच्याचे. साधे शटलचे माग, खटखट खटखट, जमिनीला पाय लावला की टाचेला कळतं.

मी म्हटलं वहिनी, एवढ्या आवाजात झोप कशी लागते हो. त्या म्हणाल्या, “सवय झालीया. आवाज बंद झाला की उलट जाग येती, लाइट गेली म्हणून.”

सवय होते हे खरं आहे पण अर्धंच खरं आहे. कानाला सवय होते, जाग येत नाही, तरी आवाजानं झोपेतसुद्धा हृदयाचे ठोके आणि बीपी वर उडी मारतात, हे विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांवर युरोपात मोजून बघितलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २००९ मध्ये रात्रीच्या आवाजाची घराबाहेरची मर्यादा ४० डेसिबल सुचवली होती. ४० म्हणजे शांत गल्ली. इथं दिवसाढवळ्या झोपणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येतं त्याचा विचार त्यात कुठे नाहीच, कारण झोप म्हणजे रात्री असंच सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

वीस मिनिटांत दारावर तीनजण आले. सिलिंडरवाला, भिशीचे पैसे मागायला कोणीतरी, आणि मामांचाच एक दोस्त ‘हायत का’ करत. प्रत्येक वेळी वहिनी पळत दारात गेल्या. त्यांच्यामुळेच मामांना ते तीन तास मिळतात, नाहीतर तेही मिळाले नसते.

१९ जून

गल्लीत समजावून सांगायला एक चित्र तयार केलं, कार्डशीटवर, मोठं. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली येतं. म्हणजे वरचा आकडा दिवसा १३० असेल तर झोपेत ११७ किंवा त्याच्याही खाली. ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात. ज्यांचं असं उतरत नाही त्यांच्यात पुढे पक्षाघात, हृदयाचा आणि किडनीचा त्रास जास्त दिसतो. हे २४ तास पट्टा बांधून मोजायच्या मशीनमुळे कळलं, साध्या दवाखान्यातल्या एका मापावरून कळत नाही.

मी असं सांगितलं: मागाला तेलपाणी करायला माग थांबवावा लागतो की नाही, चालत्या मागाला तेल घालता येत नाही. हृदय तर थांबवता येत नाही, दिवसाला लाखभर ठोके पडतात. मग त्याचं तेलपाणी कधी होणार, तर झोपेत, जेव्हा ते हळू चालतं. एवढं बोलल्यावर एकदम सगळ्यांना कळलं. मागे उभे असलेले मामा पुढे आले आणि चित्र नीट बघायला लागले.

मग उरलेलंही सांगता आलं. झोप कमी पडली की शरीर सावध अवस्थेतच राहतं, जणू काही कोणीतरी अंगावर धावून येणार आहे असं, त्यामुळे बीपी चढतं राहतं. साखर नीट वापरली जात नाही. भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरलं सांगणारं कमी होतं, म्हणून रातपाळीला पहाटे तीनला वडापाव हवासा वाटतो, त्यात खादाडपणा काही नाही. एका पोरानं विचारलं मग सुट्टीला एकदम झोपून भरून काढलं तर? थकवा जातो, बरं वाटतं, झोपावंच. पण आठवडाभराचं सगळं नुकसान त्यात भरून निघतं असं धरून चालू नये, हे मी स्पष्ट सांगितलं.

आणि एक आकडा मुद्दाम सांगितला, कारण सगळ्यांना वाटतं हे म्हाताऱ्यांचं दुखणं. ५२ देशांतल्या हार्ट अटॅकच्या मोठ्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. गल्लीतला निम्मा वर्ग चाळिशी-पन्नाशीतला आहे. शांतता पसरली, आणि मला वाटलं घाबरवलं की काय, म्हणून लगेच पुढचं बोलले की यातलं बरंचसं आपल्या हातातलं आहे, बीपीची गोळी, तंबाखू आणि झोप. घाबरून कोणाला झोप लागत नाही.

२४ जून

घोरणं. हा मुद्दा वहिनींनी काढला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ह्येंचं घोरणं मधीच बंद पडतं बघ, मी जागीच असती, मोजत बसती, मग एकदम दचकून श्वास घेत्यात.” मी लगेच सगळं लिहून घेतलं. झोपेत श्वास अडकणं, स्लीप ॲपनिया. श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकवून जागं करतो, बीपी उसळतं, आणि हे रात्रीत कितीतरी वेळा. माणूस म्हणतो मी सात तास झोपलो पण शरीराला ती झोप मिळालेलीच नसते. गोळ्या घेऊनही बीपी आवरत नसेल तर डॉक्टरांनी हे आधी बघावं असं असतं.

आठ प्रश्नांची एक साधी चाचणी आहे, घोरणं मोठ्यानं आहे का, दिवसा पेंग येते का, श्वास थांबलेला कोणी बघितलाय का, बीपी आहे का, वजन, वय, मानेचा घेर, आणि पुरुष आहे का. मामांचे पाच ‘हो’ आले. चिठ्ठी लिहिली, स्लीप स्टडीसाठी मोठ्या दवाखान्यात.

मशीनबद्दल त्यांनी विचारलं, ते नाकावर लावून झोपायचं मशीन. मी जे वाचलंय ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानं घोरणं थांबतं, दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं. पण २०१६ मध्ये २७०० वर हृदयरोग्यांवर मोठी चाचणी झाली त्यात मशीनमुळे अटॅक आणि पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. त्यातली माणसं रात्री सरासरी साडेतीन तासांपेक्षाही कमी वेळ मशीन लावत होती, कदाचित म्हणून असेल, वाद चालू आहे. तर आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील ते.

श्वास थांबतो हे झोपणाऱ्याला कधीच कळत नाही, शेजारी जागी असलेली बाई सांगते. म्हणून पुढच्या भेटींना घरच्या बाईला बसवल्याशिवाय प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवलं.

२८ जून

मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या मावशींनी आज वही मागितली. म्हणाल्या, “गडीमाणसांचीच झोप मोजतीस व्हय? आमचं काय?” दिली.

त्यांची ओळ बघण्यासारखी आहे. नवरा रातपाळीला, त्याचा डबा संध्याकाळी. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, आलं की रात्री एकलाही उठून भरायचं. पहाटे पोराचा डबा, सकाळी नवरा आला की त्याचं जेवण, मग स्वतः कांडीवर. रात्रीचे तुकडे: साडेअकरा ते एक, दोन ते पाच. रातपाळी त्या करत नाहीत पण रातपाळी त्यांच्या अंगावरून जाते.

अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात, २००३ मध्ये छापलेल्या, ७१,६१७ बायकांची झोप विचारून दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. पाच तास किंवा कमी झोपणाऱ्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका आठ तासवाल्यांपेक्षा ४५ टक्के जास्त. बाईच्या झोपेवरच एवढं मोठं काम झालेलं आहे आणि आपल्याकडे बाई थकली म्हटलं की रक्त कमी असेल म्हणून लोहाची गोळी. गोळी द्या, पण तिला झोपू पण द्या. मावशींचं बीपी १३८/८८, अजून गोळीच्या पट्ट्यात नाही, पण काठावर आहे.

मॅडमशी बोलून प्रकल्पाचं नाव बदललं. आता ते रातपाळी कामगारांची झोप नाही, रातपाळीच्या घराची झोप.

३ जुलै

मालकांशी बैठक. मी कागद घेऊन गेले होते. त्याच नर्सेसच्या अभ्यासातून २०१६ मध्ये फिरत्या रातपाळीचं पण आलंय, १,८९,१५८ जणी, २४ वर्षं. पाच वर्षांहून जास्त फिरती रातपाळी केलेल्यांत धोका थोडा वाढलेला, दहाच्या पुढे आणखी. थोडाच, मी फुगवून सांगितलं नाही. आणि चांगली बाजू अशी की रातपाळी सोडून जितकी वर्षं झाली तितका धोका उतरत गेलेला दिसला.

दुसरं म्हणजे झोपेचा नेम. २०२० मध्ये ४५ ते ८४ वयाच्या जवळपास दोन हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर पट्टी बांधून बघितलं, ज्यांची झोप एका रात्री पाच तास, दुसऱ्या रात्री नऊ अशी फार हलत होती त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयविकार जवळपास दुप्पट. म्हणजे किती झोपता याच्याबरोबर रोज त्याच वेळेला झोपता का हे पण. शरीरातल्या घड्याळाच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालंय, आणि ते घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतं. आठवड्याला पाळी एकदम बारा तासांनी सरकते, ते निम्म्या वाटेत असतानाच परत पाळी उलटी.

मालकांनी ऐकून घेतलं. त्यांचीही बाजू आहे, सुताचे भाव, विजेचं बिल, माग बंद ठेवला तर हप्ता कुठून भरायचा. पाळी फिरवणं बंद करा असं मी म्हटलं नाही, कारण कामगारांनाच ते नकोय, कायम रात्र कोणाला हवी? आणि कायम रातपाळीवाल्याचं घड्याळ पण पूर्ण फिरत नाही, सकाळी घरी जाताना ऊन डोळ्यावर येतं आणि ते परत मूळपदावर. मी एकच गोष्ट मागितली. जोडीदार आला नाही म्हणून त्याच माणसाला डबल पाळीला उभं करायचं नाही. बारा अधिक बारा म्हणजे चोवीस तास. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असल्यामुळे माणूस नाही म्हणत नाही, म्हणून नाही म्हणायचं काम कारखान्यानं करायचं. त्याऐवजी बदली कामगारांची यादी भिंतीवर, फोन नंबरसकट.

एका मालकांनी लगेच मान्य केलं. दुसरे म्हणाले बघू. मी बघणार आहे.

८ जुलै

पत्रकाचा मजकूर पक्का केला. एकच पान. सल्ले घरातल्या माणसांना उद्देशून लिहिलेत, झोपणाऱ्याला नाही.

घरच्यांसाठी: रातपाळीचा माणूस आला की त्याचे सात तास ठरवून टाका. एका दमात जमत नसतील तर पाच सकाळी आणि दोन दुपारी, पण रोज त्याच वेळेला. दारावर पाटी लावा, ‘रातपाळी – झोपले आहेत, कडी वाजवू नका’. पत्र्याच्या फटीला पुठ्ठा. फोन दुसऱ्या खोलीत आणि दुसऱ्याकडे. आणि पाण्याला रात्री उठायची पाळी लावा, दरवेळी आईच नको.

कामगारासाठी: शेवटचा चहा पाळी संपायच्या आधी काही तास. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाचेक तास लागतात, सकाळी सहाचा चहा नऊ वाजता उशीवर पण सोबत असतो. सहाचा चहा म्हणजे खरं तर झोप यायला लागली म्हणून घेतलेला असतो, तेव्हा हा मुद्दा सगळ्यात अवघड जाणार. घरी जाताना टोपी किंवा गॉगल. दारू पिऊन झोप लवकर लागते पण पुढची झोप मोडते, घोरणं वाढतं.

दुपारच्या डुलकीबद्दल बरीच चर्चा झाली. ग्रीसमध्ये २३,६८१ जणांवरचा अभ्यास आहे, २००७ चा, नियमित वामकुक्षी घेणाऱ्यांत हृदयविकारानं मृत्यू ३७ टक्के कमी दिसले, कामकरी पुरुषांत जास्त ठळक. लगेच वामकुक्षी घ्या असं लिहायचा मोह होतो. पण दुसरीकडे लांब दुपारच्या झोपेचा संबंध वाईटाशीही दाखवलेला आहे, आणि आयुर्वेदातही दिवसा झोपणं उन्हाळा सोडता सरसकट चांगलं मानलेलं नाही, पण जागरण झालेल्याला आणि कष्टानं थकलेल्याला त्यात मुभा आहे. आम्ही लिहिलं की रातपाळीच्या आधी अर्धा तास डोळा लावून जा. एवढं नक्की उपयोगी.

तळाशी मोठ्या अक्षरात: छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, असं झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपू नका, १०८ ला फोन करा. बीपीची गोळी झोप सुधारली म्हणून मनानं बंद करायची नाही. हे वाक्य मॅडमनी घालायला लावलं आणि बरोबर केलं.

१२ जुलै

वह्या परत यायला लागल्या. काही चुरगळलेल्या, काहींवर तेलाचे डाग, एकीत पोरानं ट्रॅक्टर काढलाय. टक्केवारी काढायची घाई करत नाही, माणसं थोडी आहेत आणि वेळही थोडा, यावरून बीपी उतरलं असं म्हणायचा मला हक्क नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिणार.

पण वहीत बदल दिसतोय. कांडीवाल्या मावशींच्या ओळीत रात्री एक ते दोनची चौकट आता काही दिवस काळी आहे, पाण्याला मोठा मुलगा उठतोय. युपीच्या पोरांनी दोन खोल्यांत मिळून तिसरी गादी घेतली. जॉबर मामांच्या ओळीत सकाळी साडेआठ ते एक सलग, दारावर पाटी लागलीये, वहिनींनी खडूनं स्वतः लिहिलेली, आणि गोळी चालू झाल्यापासून बीपी १३६/८८. त्यात गोळीचा वाटा किती आणि झोपेचा किती हे वेगळं सांगता येत नाही, आणि मामांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

पुढची कामं: कन्नड पत्रकाचं प्रूफ एकदा वाचून घेणं. दुसऱ्या मालकांकडे बदलीच्या यादीसाठी परत जाणं. मामांची स्लीप स्टडी गुरुवारी, वहिनींना बरोबर जायला सांगितलंय, त्या दिवशी कांडीवाल्या मावशी त्यांच्या घरचं बघणार आहेत.